निसटलेला काना

आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा प्रमुख मी कसा झालो, हे सांगताना मला अजून थोडी लाज वाटते. बैठकीत पाळकसाहेबांनी विचारलं, "शनिवारी संध्याकाळी कोणाला वेळ असतो?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नेमका त्याच वेळी बशीतलं शेवटचं बिस्किट घ्यायला हात पुढे केला होता. तो हात वर आहे असं समजून पाळकसाहेब म्हणाले, "देव तुम्हाला आशीर्वाद देवो," आणि लगेच डोळे मिटून शेवटची प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेत कोणाला मध्येच थांबवता येत नाही. आमेन होईपर्यंत माझी नेमणूक झालेली होती.

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. मूळचा नगरकडचा, नोकरीसाठी इथे आलो आणि राहिलो. वीस वर्षांत खानदेशात मी भरीत खायला शिकलो, मे महिन्यात दुपारी घराबाहेर न पडायला शिकलो, पण इथली अहिराणी बोली काही शिकलो नाही. ती शिकायची असते असं कधी वाटलंच नाही. माझं काम मुलांना शुद्ध मराठी शिकवण्याचं. एक काना चुकला की अर्धा गुण कापणारा सर म्हणून माझी ख्याती आहे, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायची.

पहिल्या शनिवारी सात जण आले. मी पौलाच्या पत्रावर पाऊण तास बोललो. पुढच्या शनिवारी चार आले. त्यातली एक माझी मुलगी होती, आणि तिला तिच्या आईने पाठवलं होतं.

मग मी ठरवलं की तरुणांना जे आवडतं, त्यातूनच त्यांच्यापर्यंत पोचायचं. टीव्हीवर असतो तसा प्रश्नमंजुषेचा खेळ ठेवला. लग्नातला कोट चढवला, आवाज पोटातून काढला आणि विचारलं, "नहेम्यानंतर बायबलमध्ये कोणतं पुस्तक येतं?" समोरच्या मुलाने फोन करून मदत मागायचं ठरवलं आणि थेट पाळकसाहेबांनाच फोन लावला. पाळकसाहेब म्हणाले, "मी मीटिंगमध्ये आहे." ते व्हरांड्यातच बसलेले होते; त्यांचा आवाज आम्हाला फोनमधूनही आला आणि खिडकीतूनही. नंतर क्रिकेटचा सामना ठेवला. त्यात मी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झालो, पण पंच मीच असल्यामुळे स्वतःला नाबाद दिलं. पुढच्या शनिवारी मुलं आलीच नाहीत.

नोव्हेंबरात मंडळीतल्याच एका घरचं लग्न होतं. वरातीत अहिराणी गाणी लागली. यूट्यूबवर अशी गाणी लाखो लोक बघतात हे मला ऐकून माहीत होतं, पण त्या दिवशी मी प्रथमच डोळ्यांनी पाहिलं की ती गाणी माणसांचं काय करतात. उपासनेत गीतपुस्तक हातात धरून, एसटीची वाट बघत असल्यासारखी उभी राहणारी आमची पोरं स्पीकरसमोर अशी नाचत होती की मला त्यांची ओळखच पटेना. मी बायकोला म्हणालो, "सापडलं."

"काय सापडलं?"

"अहिराणी नाताळगीत. डीजेच्या ठेक्यावर. धुळ्याला डिसेंबरात तरुणांचा मेळावा आहे, तिथे आपला संघ ते सादर करणार."

"लिहिणार कोण?"

मी नुसताच हसलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा जिलबी खायला लागली.

अहिराणीतलं मला एवढं माहीत होतं की ‘आहे’ला शे म्हणतात आणि ‘सगळं’ला बठ्ठं. बाकीचे शब्द मी आमच्या कॉलेजच्या शिपाई नानांकडून घेतले. नाना पारोळ्याकडचे. तास संपल्याची घंटा देऊन ते परत येत असत, तेव्हा मी त्यांना गाठायचो. ‘बघायला’ला काय? देखाले. ‘आला’ला काय? उना. ‘मुलगा’ला काय? त्यांनी सांगितलं, मी चालता चालता टाचणवहीच्या कोपऱ्यात टिपून घेतलं. मग स्टाफरूममध्ये बसून दोन मोकळ्या तासांत गाणं पूर्ण केलं. जिथे जिथे मराठीत ‘आहे’ यायचं तिथे तिथे मी शे टाकलं होतं. अकरा ओळी शेनेच संपत होत्या. मला वाटलं, यमक किती सहज साधलं. धृपद होतं:

चाला रे भो, देखाले चाला,
मरियाना आंडेर उना!

घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "हे अहिराणी आहे?"

"मग काय आहे?"

"कोणाला तरी एकदा दाखवून घ्या."

"भाषेचा शिक्षक मी आहे," मी म्हणालो.

"मग असेल," ती म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झाली, तरी तिच्या ‘मग असेल’चा अर्थ मला दर वेळी उशिराच कळतो.

शनिवारी मात्र नऊ जण जमले. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाने फोनवरच ठेका तयार केला, आणि तो खरोखर फक्कड होता. नाचही त्यानेच बसवला. मी मागे उभं राहावं असं त्याचं म्हणणं होतं, पण प्रमुखाने पुढे असावं असं माझं म्हणणं पडलं. खांदे उडवायची एक लकब होती, ती मला चार दिवसांनी जमली आणि पाचव्या दिवशी मान धरली. गळ्यात गमछा, डोळ्यांवर काळा गॉगल. तालमीला निघालो की बायको विचारायची, "हळदीला चाललात की चर्चला?"

तालमीत मागच्या ओळीत एक मुलगी असायची. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, एरंडोलजवळच्या एका खेड्यातून शिकायला आलेली, होस्टेलवर राहणारी. ती फार कमी बोलायची. धृपद आलं की तिचा आवाज बाकीच्यांपेक्षा काहीतरी वेगळा लागायचा. दोन-तीनदा मी ठेका थांबवला आणि म्हणालो, "सगळ्यांचा एकच शब्द आला पाहिजे. उच्चार स्पष्ट करा." तिसऱ्यांदा थांबवल्यावर ती बाकीच्यांसारखं म्हणायला लागली.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आम्ही भाड्याची जीप करून निघालो. एरंडोलच्या अलीकडे त्या मुलीचं गाव आत वळून होतं. तिथे मंडळीची चार-पाच घरं होती. पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं की जाता जाता तिथे गाणं म्हणा, चहा घ्या, मग धुळ्याला जा. मला ते फार पटलं. पोरांच्या भाषेतलं, मातीतलं गाणं मातीतच आधी वाजावं, असं काहीतरी मी जीपमध्ये बोललोसुद्धा. कोणी ऐकलं नाही, कारण खिडक्या उघड्या होत्या.

एका घराच्या अंगणात चाळीसेक माणसं जमली होती. ओट्यावर कापसाच्या गोण्या रचलेल्या होत्या, त्यांवरही पोरं चढून बसली होती. शेजारपाजारच्या बायाही आल्या होत्या. आमच्या धर्माशी त्यांचा काही संबंध नव्हता, स्पीकर लागला म्हणून त्या आल्या होत्या. मी गॉगल लावला. ठेका सुरू झाला. ‘शे’वर संपणाऱ्या पहिल्या ओळींना लोक नुसते बघत होते. धृपद आलं आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा अख्खं अंगण हसत होतं.

मला वाटलं, जिंकलं. माझ्या कोणत्याही कार्यक्रमाला असा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. मी ठेकेवाल्या मुलाला खूण केली, ‘पुन्हा.’ आणि हात वर करून लोकांनाही म्हणायला लावलं. धृपद आम्ही सहा वेळा म्हटलं. गोण्यांवरची पोरं हसता हसता खाली घसरली.

शेवटी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली. तिला सगळे अक्का म्हणत होते. ती म्हणाली, "थांब रे भाऊ, थांब. माले एक सांग. तुमना देव आंडोर शे का आंडेर शे?"

मला प्रश्नच कळला नाही. ठेकेवाल्या मुलाकडे बघितलं. त्यालाही कळला नव्हता. तेव्हा मागच्या ओळीतून ती नर्सिंगवाली मुलगी हळूच म्हणाली, "सर, आंडोर म्हणजे मुलगा. आंडेर म्हणजे मुलगी."

मी गॉगल काढला. टाचणवहीच्या कोपऱ्यात घाईघाईने टिपताना माझ्याकडून काना सुटला होता. फक्त मात्रा राहिली होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कान्यांचे अर्धे अर्धे गुण कापणाऱ्या माणसाने, एका अंगणात, स्पीकर लावून, सहा वेळा जाहीर केलं होतं की बेथलेहेमात मरियेला मुलगी झाली.

"मुलगा, अक्का, मुलगा," मी म्हणालो.

"मंग आंडेर काबर म्हनी राहिना?"

मग मुलगी का म्हणतोस, एवढं मलाही कळलं. लोक पुन्हा हसले. पण तेवढ्यात मांडीवर तान्ही पोर घेऊन बाजूला बसलेल्या एका तरुण बाईने अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "आंडेर व्हयनी म्हनीसन तिले गोठामां टाकी दिधी का?"

हेही मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मुलगी झाली, म्हणून तिला गोठ्यात टाकून दिली का, असं ती विचारत होती. तिला गोष्ट माहीतच नव्हती. आमच्या गाण्यात पुढे गोठा होता, गव्हाण होती, आणि तिने त्याचा जो अर्थ लागतो तो लावला होता. अंगणातलं हसू थांबलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण जे शब्द आले ते सगळे पुस्तकातले होते, आणि मला एकदम जाणवलं की ते तिच्यापर्यंत जाणार नाहीत.

नर्सिंगवाली मुलगी मागच्या ओळीतून पुढे आली. "नही व माय," ती त्या बाईला म्हणाली, "आंडोरच व्हता. त्यासले कोठेच जागा भेटनी नही, म्हनीसन गोठामां." आणि तिथेच, बायांमध्ये खाली बसून, तिने पहिल्यापासून गोष्ट सांगायला घेतली.

मला त्यातलं निम्मं समजलं. पण तालमीत तोंड न उघडणारी ती मुलगी हातवारे करत होती, मधूनच कोणाला तरी चापट मारत होती, मेंढपाळांबद्दल असं काही म्हणाली की बाया खळखळून हसल्या. बाया मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या. प्रवासात पोटुशी बाई गाढवावर बसून गेली का? किती दिवस? बाळंतपण कोणी केलं?

चाळीस वर्षं दर नाताळाला ही गोष्ट मी ऐकत आलोय. बाळंतपण कोणी केलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मुलगी म्हणाली, ते पुस्तकात लिहिलेलं नाही. मग बायांनी आपसात चर्चा करून ठरवलं की ज्याचा गोठा, त्याची बायको आली असणार. गरम पाणी तरी तिने दिलंच असणार. तान्ही पोर घेतलेल्या बाईला ते पटलं. नर्सिंगवाल्या मुलीलाही पटलेलं दिसलं. मी गॉगलची काडी उघडत-मिटत उभा होतो.

चहा झाला, पोहे झाले. अक्काने माझ्या बशीत जरा जास्तच पोहे वाढले, बहुतेक दयेने.

जीपमध्ये मी त्या मुलीला विचारलं, "तुला माहीत होतं, तर सांगितलं का नाही?"

"म्हणत होते ना, सर. मी आंडोरच म्हणत होते. तुम्ही म्हणालात, उच्चार स्पष्ट करा."

जीपमध्ये जो हशा झाला त्यात मीही सामील झालो, दुसरा काही मार्गच नव्हता. पण मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तरी नीट सांगायचंस. बाजूला घेऊन."

ती म्हणाली, "सर, मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही मला प्रार्थना करायला सांगितली होती. मी म्हटलं होतं, बठ्ठासना बाप तूच शे. आमेन झाल्यावर तुम्ही म्हणालात, छान, फक्त ‘सर्वांचा पिता तूच आहेस’ असं हवं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी समर्थन करता आलं असतं. मला आधी ते आठवलंच नाही. मग आठवलं. मी ते खूप प्रेमाने म्हटलं होतं, तिच्या भल्यासाठी. तिने देवाला केलेली प्रार्थना मी तपासून परत दिली होती. त्या दिवसानंतर ती आमच्यात मोठ्याने प्रार्थना करत नव्हती, आणि मला वाटायचं की मुलगी लाजाळू आहे.

"चुकलं माझं," मी म्हणालो. एवढंच सुचलं. ती म्हणाली, "जाऊ द्या सर," आणि पुढच्या सीटवरच्या मुलाकडून शेंगदाणे मागून घेतले.

बाकीच्यांना मी विचारलं, तुमच्या कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही? तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. माझ्या संघात अहिराणी घरात बोलणारी ती एकटीच होती. ठेकेवाला मुलगा नंदुरबारकडचा, त्याच्या घरची बोलीच निराळी. दोघं भुसावळचे, घरात हिंदी. बाकीचे शहरात वाढलेले. त्यांना अहिराणी वरातीपुरती यायची. ज्या पोरांच्या भाषेत मी शिरलो होतो, ती त्यांची भाषाच नव्हती. जळगाव म्हणजे अहिराणी, हे समीकरण मी स्टाफरूममध्ये बसून सोडवलं होतं.

धुळ्याला पोचेपर्यंत त्या मुलीने जीपमध्येच गाणं दुरुस्त केलं. अकरांपैकी आठ ‘शे’ काढून टाकले. यमक गेलं, पण गाणं बरं झालं. सगळ्यांनी आंडोर, आंडोर असं दहा-दहा वेळा घोकलं. मीही घोकलं. मात्र स्टेजवर गेलो, दिवे लागले, माईक माझ्या हातात होता, आणि महिनाभराची सवय जिभेवर बसलेली. मागून नऊ जण आंडोर म्हणाले आणि माईकमधून मी एकट्याने आंडेर म्हणालो. दुसऱ्या धृपदाला ठेकेवाल्या मुलाने नाचता नाचता माझ्या हातातून माईक काढून घेतला. लोकांना ती नाचाचीच एक लकब वाटली आणि टाळ्या पडल्या. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, प्रमुखांचा विनोदी अभिनय सहज होता.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती हसली नाही. निदान माझ्यासमोर नाही. स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, मध्येच थांबून थांबून. मग बाहेर येऊन तिने विचारलं, "त्या मुलीला जेवायला कधी बोलावताय?" पुढच्याच रविवारी बोलावलं. ती माझ्या मुलीशी तासभर बोलत बसली. मला मध्ये बोलू दिलं नाही.

संघाचा प्रमुख मी अजूनही आहे, कारण पाळकसाहेब म्हणतात दुसरं कोणी मिळत नाही. शनिवारी मी चटया अंथरतो, स्पीकरची वायर तपासतो, आणि उशिरा येणाऱ्यांना फोन करतो. पौलावर बोललोच तर दहा मिनिटं. माझ्या मुलीने तिच्या फोनवर वेळ लावलेली असते. प्रार्थना ज्याला जशी येते तशी होते. ठेकेवाला मुलगा करतो ती मला अजिबात कळत नाही. पहिले काही आठवडे मला फार अस्वस्थ वाटायचं; हात आपोआप लाल पेन शोधायचा. आता डोळे मिटून नुसता ऐकतो. बारा-चौदा जण येतात. नर्सिंगवाली मुलगी महिन्यातून एकदा सगळ्यांना एखाद्या खेड्यात घेऊन जाते आणि बायांमध्ये बसून गोष्ट सांगते.

मागच्या महिन्यात आम्ही रावेरकडे गेलो. ट्रकमध्ये केळी भरायचं काम नुकतंच आटोपलं होतं, माणसं दमून ओट्यावर टेकली होती. मुलीने नेहमीसारखी गोष्ट सुरू केली. पाचेक मिनिटांनी घरधनीण हात जोडून म्हणाली, "बाई, गोड बोलता तुम्ही, पण ही भाषा पलीकडची. आमच्याकडे असं बोलत नाहीत."

मुलीचा चेहरा पडला. हा भाग पूर्वेकडचा, इथली बोली वेगळी, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी पहिल्यांदाच तिला काही सांगू शकलो असतो, पण मलाही काहीच माहीत नव्हतं, आणि नशिबाने मी तसं म्हणालो. मग तिने घरधनिणीलाच विचारलं, "तुमच्याकडे कसं म्हणतात?" ती बाई सांगायला लागली, तिची सासू तिला दुरुस्त करायला लागली, आणि दोघींचं कडाक्याचं भांडण जुंपलं.

तोवर आमच्या मुलांनी आणि केळी भरणाऱ्यांनी अंगणात दोरी बांधून व्हॉलीबॉल सुरू केला होता. मला गुण मोजायला उभं केलं. नऊ-सातला मी चुकून सात-आठ सांगितलं. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ओरडा झाला, आणि दोन वेगवेगळ्या बोलींत मला जे काही म्हणण्यात आलं, ते मात्र मला पूर्ण कळलं.